दुसऱ्या भागातला घास

“पहिला भाग चालला तो नानांमुळे, हे मान्य. पण दुसरा पडला तोही नानांच्याच एका घासामुळे. माणसाला आपल्याच देवीची रीत माहीत नसावी, म्हणजे कमाल झाली.”

हे विधान गेले दहा महिने धुळ्याहून अमळनेरला आणि अमळनेरहून जळगावला एसटीच्या वेगाने, म्हणजे प्रत्येक थांब्यावर दोन माणसे जास्त चढवीत, फिरत आहे. त्यातला नाना मी. मुख्याध्यापक म्हणून निवृत्त होऊन मला सोळा वर्षे झाली. घरचे, बाहेरचे, माझी मुलगीसुद्धा, सगळे मला नानाच म्हणतात. विधान प्रथम ज्यांच्या तोंडून निघाले त्यांनाही मी चांगला ओळखतो. ते धुळ्याचे निवृत्त एसटी कंडक्टर, सर्वांचे आबा, आणि माझे पडद्यावरचे व्याही. त्यांच्यावर माझा राग नाही. त्यांच्या विधानावर आहे. जेमतेम तीन वाक्यांत इतक्या चुका करणारा मुलगा मी वर्गाबाहेर काढला नसता, पुढच्या बाकावर आणून बसवला असता.

आधी चित्रपट कोणता, ते सांगतो. माझ्या चुलतभावाच्या मुलाचा अमळनेरला फोटो स्टुडिओ आहे. लग्नाचे चित्रीकरण हा त्याचा धंदा. वर्षानुवर्षे दुसऱ्यांची लग्ने कॅमेऱ्यातून पाहिल्यावर त्याच्या लक्षात आले, की लग्नातली खरी गंमत कॅमेरा बंद असताना घडते. त्याने मला आपल्या अहिराणी बोलीत तासभराची एक गोष्ट लिहायला सांगितली. मी लिहिली. वऱ्हाडाच्या जीपमध्ये ड्रायव्हरशेजारी कोणी बसायचे यावरून मुलीचा बाप आणि मुलाचा बाप यांचे बिनसते, एवढीच गोष्ट. मुलीचा बाप मी झालो, कारण लिहिलेला एकही शब्द गाळायचा नाही अशी माझी अट होती आणि ती पाळणारा दुसरा नट मिळेना. मुलाचा बाप आबा झाले. ज्या माणसाने आयुष्यभर लोकांना सीटवरून उठवले, तो सीटसाठी अडून बसला की जे रूप दिसते, ते शिकवून येत नाही.

तो चित्रपट लोकांच्या फोनवर आला आणि त्या वर्षीच्या लग्नसराईत जीपचा दरवाजा उघडताना माझे एखादे वाक्य कोणी म्हटले नाही, असे लग्न मला तरी भेटले नाही. भडगावला एका हळदीला गेलो, तर नवरदेवाच्या मामांनी मला ड्रायव्हरशेजारी बसवूनच सोडले. मी मागे बसतो म्हणालो, तर त्यांना वाटले मी नाटक करतो आहे.

आता पहिल्या भागाविषयी एक गोष्ट स्पष्ट करून ठेवतो, कारण दुसऱ्याला नावे ठेवणारे सगळे पहिल्याच्या आडून बोलतात. पहिला भाग उत्तम होता असे ते म्हणतात. तो उत्तम नव्हता. तो मजेदार होता. त्यात एक मुलगी सासरी जाते आणि एक तासभर तिच्याकडे कोणी बघत नाही. सगळे जीपच्या पुढच्या सीटकडे बघतात. लोक हसले, मीही हसलो. पण लिहिणाऱ्याच्या मनात ती मागच्या सीटवरची मुलगी तशीच बसून राहिली. दुसरा भाग मी तिच्यासाठी लिहिला.

दुसऱ्या भागाचे नशीब सासरी गेलेल्या मुलीसारखे असते. बघायला येणारा प्रत्येक जण तिच्यात जुनी पोर शोधतो आणि ती सापडली नाही की म्हणतो, बदलली. जळगावात पिंप्राळ्याला माझ्या कॉलनीतल्या बागेत सकाळी आम्ही सहा-सात म्हातारे बसतो. चित्रपट आला त्या आठवड्यात तिथे जी चर्चा झाली, ती मला शब्दशः आठवते.

एक जण म्हणाले, “नाना, यावेळी जीप कुठे गेली?”

मी म्हणालो, “मुलगी पोचली. जीपचं काम संपलं.”

“पण जीपच बघायला बसलो होतो आम्ही.”

दुसरे म्हणाले, “फार रडवलंत. रडायचं असेल तर घरी बातम्या आहेत.” तिसरे रावेरकडचे, केळीच्या पट्ट्यातले; त्यांना राग होता की आमच्याकडची एकही व्यक्ती चित्रपटात नाही आणि जी आहे ती कंजूष दाखवली आहे. चौथ्यांना चित्रपट आवडला होता, पण का, ते त्यांना सांगता येईना. धुळ्याकडे, कानावर आले ते असे, की अर्धे लोक म्हणत होते पहिल्यापेक्षा सरस, आणि अर्धे म्हणत होते पहिल्याची माती केली. अशी मते मला मान्य आहेत. ज्याने पाहिले त्याने बोलावे. एका मुद्द्यावर मात्र सगळ्यांचे एकमत होते, की शेवट अर्धवट आहे, काहीतरी राहिल्यासारखा. त्याचा मला संताप येई. बागेतून घरी येईपर्यंत मी स्वतःशी भांडत येई, कारण माझ्या मते त्या शेवटाइतके पूर्ण मी काही लिहिलेले नाही.

तो शेवट समजायला कानबाईचा रोट समजला पाहिजे. आमच्याकडे ते सांगावे लागत नाही, पण मी लिहितो आहे ते खानदेशाबाहेरही वाचले जाईल. श्रावणात, नागपंचमीनंतरच्या रविवारी, आमच्या घरी कानबाई देवी बसते आणि सोमवारी तिचे विसर्जन होते. तिच्या नैवेद्याला घरातल्या प्रत्येक माणसामागे सव्वा मूठ गहू घेतात, त्याच पिठाच्या पोळ्या होतात, आणि त्या अन्नाला रोट म्हणतात. रोट फक्त भाऊबंदांनी खायचा. बाहेरच्याला द्यायचा नाही, मग तो कितीही जवळचा असो. राहिलेले रोट पौर्णिमेच्या आत घरातच संपवायचे. आमच्या भाऊबंदकीत गहू मोजण्याचे काम सगळ्यांत वडील माणसाचे. तो मी आहे. म्हणजे ज्याला रीत माहीत नाही असे आबा म्हणतात, त्याच्या मुठीने आमच्या घराण्याचे रोट होतात. त्यांच्या विधानातले शेवटचे वाक्य एवढ्यानेच खोटे पडते.

मी रीत चुकलो नाही. मी ती जाणून मोडली. या दोहोंतला फरक न कळणाऱ्यांशी माझे भांडण आहे.

मोडावीशी का वाटली, त्याला वीस वर्षे मागे जावे लागेल. माझ्या मुलीचे लग्न धुळ्याला झाले. लग्नानंतरच्या पहिल्या श्रावणात, कानबाई उठल्यावर तीन-चार दिवसांनी, ती माहेरी आली. उन्हातून आलेली, भुकेलेली. चप्पल काढली आणि सवयीने सरळ स्वयंपाकघरात जाऊन तिने डबा उघडला. डब्यात रोट होते. तिच्या आईने डबा तिच्या हातून काढून घेतला, रागाने नव्हे, अगदी हळू, दुधाचे भांडे काढून घ्यावे तसा. मुलगी क्षणभर रिकामा हात तसाच धरून उभी राहिली. मग हसली. म्हणाली, “अरे हो. मी आता पाहुणी.” आणि वरणभात वाढून घेऊन माझ्यासमोर येऊन बसली.

मी वर्तमानपत्र वाचत होतो. वाचत राहिलो.

मागच्या वर्षापर्यंत तिच्या वाट्याची सव्वा मूठ मी मोजत होतो, यंदापासून मोजत नाही, हे मला त्या दिवशी गहू मोजतानाच कळायला हवे होते. ते तिच्या रिकाम्या हाताकडे बघून कळले. तिच्या सासरचा रोट मला चालत नाही, माझ्या घरचा तिला चालत नाही. बाप आणि लेक यांनी वर्षातल्या त्या एका दिवसाचे अन्न पुन्हा कधी एका ताटात खायचे नाही, असा त्याचा अर्थ. रीत वाईट आहे असे मी म्हणत नाही. आजही मीच मुठी मोजतो. पण रीतीची किंमत कोण देते, ते कुठेतरी दाखवले पाहिजे, असे मला वाटत होते. दुसऱ्या भागाच्या शेवटी मुलीचा बाप, वर्षभराचा अबोला मोडून, व्याह्याच्या दारी कानबाईला जातो. मुलगी नकळत, सवयीने, रोटाचे ताट त्याच्यासमोर ठेवते. सगळे घर थबकते. आणि बाप घास उचलतो व खातो. एक शब्दही बोलत नाही. मी, शब्द गाळू न देणारा माणूस, त्या ठिकाणी एकही शब्द लिहिला नव्हता.

आबांच्या विधानाला वाटेत जोडली गेलेली पुस्ती अशी, की हा प्रसंग मी हट्टाने घुसवला. तेही खोटे. लिहिलेली प्रत स्टुडिओवाल्या पुतण्याने वाचली होती, आबांनी वाचली होती. आबांनी तर वाचून चष्मा काढला आणि म्हणाले, “नाना, हाई लोकेसले पचाव नही.” लोकांना पचणार नाही. पण मग म्हणाले, “ताट मन्हा समोर ठेवा. मन्हं तोंड दिसाले पाहिजे.” माझे तोंड दिसले पाहिजे. नट म्हणून त्यांनी जागा मागून घेतली, हे लक्षात असू द्यावे.

चित्रीकरण गेल्या श्रावणात, सोमवारी दुपारी झाले. पुतण्याची कामाची पद्धत अशी, की मांडव उभारायचा नाही, उभा असलेल्या मांडवात कॅमेरा न्यायचा. सकाळी अमळनेरला आमच्या कानबाईचे विसर्जन करून आम्ही धुळ्याला माझ्या मुलीच्या घरी गेलो. त्यांचीही कानबाई नुकतीच उठली होती. केळीचे खांब, फुले, चौरंग सगळे जागच्या जागी होते. घराची परवानगी मुलीच्या सासूबाईंनी दिली. त्यांना सगळे अक्का म्हणतात. अक्कांनी एकच अट घातली: ताटातली पोळी मोजलेल्या गव्हाची नको, डब्यातल्या साध्या पिठाची करा. “कॅमेराले काय समजस?” असे म्हणाल्या आणि हसल्या. ती साधी पोळी माझ्या मुलीने केली. पडद्यावरची मुलगी कॉलेजात शिकणारी कोणी होती. माझी मुलगी पदराला पिठाचे हात पुसत स्वयंपाकघराच्या दारात उभी होती.

माझ्या बाजूने बोलणारे काही जण हाच मुद्दा पुढे करतात: नानांनी खरा रोट खाल्लाच नाही, साधी पोळी होती. मला ही सुटका नको आहे. पोळी कोणत्या पिठाची होती याच्याशी मला कर्तव्य नाही. पडद्यावर तो रोट होता, आणि मी तो रोट म्हणूनच उचलला.

तेवढ्यात आबांनी समोर बसल्या बसल्या आपल्या फोनवर फोटो काढला. माझ्या ओठाशी घास आहे, डोळे खाली आहेत. त्यांनी तो चेष्टेने आमच्या ओळखीच्या लोकांत पाठवला आणि खाली लिहिले, ‘नाना व्याहीना घर रोट खाई राहिनात.’ नाना व्याह्याच्या घरी रोट खात आहेत. संध्याकाळपर्यंत तो आमच्या भाऊबंदांच्या सगळ्या फोनांवर होता. दुसऱ्या दिवशी चोपड्याच्या एका चुलतभावाचा मला फोन आला. नमस्कार नाही, काही नाही. “पुढच्या वर्षी गहू कोण मोजणार, ते ठरवावं लागेल,” म्हणाले. मी म्हणालो, “माझ्या मुठीपेक्षा मोठी मूठ शोधा, मग ठरवा.”

त्या दिवशी मी पुतण्याला सांगून टाकले, की भाऊबंदांपैकी कोणीतरी हा शब्द मागे घेईपर्यंत मी दुसरा भाग पाहणार नाही. त्यांनी फोटो पाहून निकाल दिला. मी चित्रपट न पाहता तो खोडून काढीन. दिवाळीला चित्रपट आला. पाहणारे पाहून आले, भांडले, थकले. मी पाहिला नाही. हे मी कबुली म्हणून लिहीत नाही, माहिती म्हणून लिहितो.

चित्रपट आल्याच्या दुसऱ्या दिवशी मुलीचा फोन आला.

“नाना, भाग पाहिलात?”

“मी लिहिलाय. मला बघायची गरज नाही.”

“शेवट तुम्हीच ठरवलात?”

“दुसरं कोण ठरवणार?”

ती म्हणाली, “बरं. तब्येत सांभाळा,” आणि लगेच फोन ठेवला. मला वाटले, गहिवरली असेल. पुढच्या महिन्यांत ती आली-गेली, पण त्या चित्रपटाचा विषय तिने काढला नाही. मी काढला की ती उठून काहीतरी कामाला लागे. यंदाच्या श्रावणात येणार का, असे विचारले तर म्हणाली, “बघू नाना. रोट संपले की येते.” असे ती पूर्वी कधी म्हणाली नव्हती.

आता यंदाचा श्रावण. गहू मीच मोजले. चोपड्याच्या चुलतभावांनी मूठ आणली नव्हती. सोमवारी विसर्जन करून आम्ही सगळे भाऊबंद पुतण्याच्या घरी बसलो होतो. रोट खाऊन झाले होते. आबाही आले होते, ते जेवणे झाल्यावर, म्हणजे आपले ठिकाण ओळखून. पुतण्याच्या बायकोने त्यांच्यापुढे चहा ठेवला तसे म्हणाले, “चहाले भाऊबंदकी नही रहास, हाई बरं शे.” चहाला भाऊबंदकी नसते, हे बरे आहे. सगळे हसले. मीही हसलो; हे वाक्य मी लिहिलेले नव्हते याचे मला वाईट वाटले.

मग पुतण्याने घसा साफ केला. तिसरा भाग करायचा ठरले आहे म्हणाला. पुन्हा जीप आहे, पुन्हा लग्न आहे, या वेळी नातीचे. लोकांना पहिल्यासारखे पाहिजे.

“आणि मी?” मी विचारले.

तो आबांकडे बघू लागला. आबा कपाकडे.

“नाना, तिसऱ्यात मुलीचे वडील नाहीत,” पुतण्या म्हणाला. “म्हणजे आहेत, पण भिंतीवर. हार घातलेले. तुमचा एक चांगला फोटो लागेल. कोटातला असला तर उत्तम.”

“कशाने वारलो?”

“ते दाखवत नाही आपण.”

“घास अडकना,” आबा म्हणाले. घास अडकला.

खोली हसली. चोपड्याचे चुलतभाऊ सर्वांत जास्त हसले. हसू थांबेपर्यंत मी थांबलो. वर्गात हेच करावे लागते. ओरडणारा मास्तर हरतो. मग म्हणालो, “मला मारायला माझी हरकत नाही. चौऱ्याहत्तरी उलटलेल्या माणसाने ती घेऊही नये. पण ज्या गुन्ह्यासाठी मारता, तो आधी सर्वांसमोर वाचून दाखवा. लाव दुसरा भाग, आता मीही बघतो. इथे, आत्ता, या टीव्हीवर. शेवटचा प्रसंग सगळे मिळून बघू, आणि मग त्यात काय चूक आहे ते ज्याला सांगायचे असेल त्याने उभे राहून सांगावे.”

पुतण्या म्हणाला, “नाना, राहू द्या ना. सणाचा दिवस.”

“सणाचाच दिवस पाहिजे.”

“नेट नीट चालत नाही.”

“मन्हं चालस,” आबा म्हणाले आणि आपला फोन पुढे केला. त्या फोनच्या मदतीने चित्रपट टीव्हीवर आला. पुतण्या दाराशी जाऊन उभा राहिला.

मी तो चित्रपट त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला, त्यामुळे माझे मत ताजे आहे. मधला भाग लांबला आहे. बाजारातला प्रसंग नको होता, तो मी लिहिलेलाही नाही. माझा आवाज दोन ठिकाणी मास्तरासारखा लागतो. आबा पहिल्या भागापेक्षा चांगले आहेत, आणि हे मी आजवर त्यांना सांगितलेले नाही. एकंदरीत पहिल्यापेक्षा कमी हसवतो आणि जास्त जवळ येतो. मग शेवट आला. मी व्याह्याच्या दारात उभा. केळीचे खांब. कॉलेजची ती मुलगी लगबगीने ताट आणते, ठेवते, आणि ठेवल्यावर तिच्या लक्षात येते. आबांचा चेहरा, त्यांनी मागून घेतलेली जागा किती योग्य होती ते दिसते. घर थबकते. मी ताटाकडे बघतो.

आणि पडद्यावर नावे येऊ लागली.

मला वाटले फोन बिघडला. आबांनाही तसेच वाटले. त्यांनी मागे नेऊन पुन्हा लावले. पुन्हा मी ताटाकडे बघितले आणि पुन्हा नावे आली.

“घास कोठे शे?” आबा म्हणाले.

ते पुतण्याकडे वळले.

“मी तठेच बसेल व्हतो,” ते म्हणाले. “मन्हा डोयाघाई देखेल शे.” मी तिथेच बसलो होतो, माझ्या डोळ्यांनी पाहिले आहे.

आबा खोटे बोलत नव्हते. त्यांनी तो दिवस पाहिला होता. चित्रपट त्यांनी पाहिला तो ताट येईपर्यंत, कारण पुढचे आपल्याला ठाऊक आहे असे त्यांना वाटत होते. भाऊबंदांनी फोटो पाहिला होता. दहा महिने ज्या घासावर खानदेशात निवाडे झाले, तो घास चित्रपटात नव्हता. निवाडे करणाऱ्यांपैकी कोणीही तो पडद्यावर पाहिलेला नव्हता, आणि ज्यांनी चित्रपट पुरता पाहिला त्यांना काहीतरी राहिल्यासारखे वाटत होते. त्यांचे बरोबर होते. बागेतल्या माझ्या त्या मित्रांची मी मनातल्या मनात माफी मागितली.

पुतण्या दारातूनच बोलला. “फोटो फिरला तेव्हा घाबरलो, नाना. स्टुडिओ याच लोकांच्या लग्नांवर चालतो. मी तेवढा तुकडा काढला. वाटलं, तुम्ही बघाल, मला शिव्या द्याल, मग सांगेन. तुम्ही बघितलंच नाही.”

“आणि माझ्या घासामुळे पडला, असं लोक म्हणत होते तेव्हा?”

“मी कधी हो म्हणालो नाही.”

“नाही म्हणालास?”

तो दाराशी पडलेल्या चपला जोडीने लावू लागला. मी विचारले, तो तुकडा आता कुठे आहे. लग्नसराई होती, म्हणाला, कार्ड रिकामे करावे लागले. त्यावर पारोळ्याचे एक लग्न घेतले. माझ्या वीस वर्षांवर कोणाचीतरी वरात चढली होती.

त्या क्षणी मला दिवाळीतला तो फोन आठवला. शेवट तुम्हीच ठरवलात? दुसरं कोण ठरवणार? मी उठलो, ओसरीवर गेलो आणि मुलीला फोन लावला. मागोमाग आबा येऊन उभे राहिले. मी त्यांना जा म्हणालो नाही.

“तू दुसरा भाग शेवटपर्यंत पाहिला होतास?”

“हो, नाना.”

“मग बोलली का नाहीस?”

“काय बोलणार? भाऊबंदांनी डोळे वटारले आणि तुम्ही ताट सरकवलंत, असं वाटलं मला.”

“तू दारात उभी होतीस. मी खाताना बघितलंस.”

“बघितलं होतं,” ती म्हणाली. “म्हणून तर जास्त लागलं. नसतंच बघितलं तर एक वेळ चाललं असतं.”

मी तिला सगळे सांगितले. ती ऐकत राहिली. शेवटी म्हणाली, “मग आता त्याचा काही पुरावाच नाही म्हणायचा.” पुरावा तिला नको होता, हे मला कळत होते. मला हवा होता.

मी आत आलो. पुतण्याला म्हणालो, “तिसऱ्या भागात मला मार. भिंतीवर टांग. कोटातला फोटो मिळणार नाही. आबांच्या फोनमध्ये आहे तोच मोठा करून लाव, चांगला भिंतभर, आणि नातीच्या लग्नाचा प्रत्येक प्रसंग त्याच्याखाली घे. तेवढं मान्य असेल तर मेलो समज. नसेल तर माझ्या लेखी तिसरा भाग नाही. दोन्ही व्याही मी कल्पिलेले आहेत.”

“नाना, त्या फोटोत तर तुम्ही...” चोपड्याचे चुलतभाऊ म्हणू लागले.

“पाठवी देऊ का आत्तेच?” आबांनी पुतण्याला विचारले, आणि त्याच्या उत्तराची वाट न पाहता पाठवला.

फोटो त्यांच्या सगळ्यांकडे आधीपासून आहे. माझ्याविरुद्धचा पुरावा म्हणून तो त्यांनी वर्षभर जपला, याबद्दल मी त्यांचा आभारी आहे. नाहीतर आज तो कुठे शोधला असता? दुसरा भाग चांगला की वाईट, पहिल्याहून थोर की भिकार, यावर प्रत्येकाने आपापले मत ठेवावे, मी माझे ठेवतो. माझ्या मुलीला मात्र मताची गरज नाही. तिच्या हातची पोळी, धुळ्याला तिच्या घरी, तिच्यादेखत, रोट म्हणून मी खाल्ली.